‘एलईडीला रिले लागत नाही’ हे अर्धसत्य आहे

‘एलईडी फॉग लाइट करंट कमी खातात, म्हणून हेडलाइटच्या वायरला थेट जोडा, रिलेचा खर्च वाचवा,’ असा सल्ला बाइकवाल्यांमध्ये सध्या फिरतो आहे. तो मानू नका. रिले म्हणजे छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच.

हिशोब साधा आहे. २० वॅटचे दोन दिवे म्हणजे ४० वॅट. १२ व्होल्टला साधारण ३.३ अँपिअर. हा भार हेडलाइटच्या भारावर चढतो आणि हँडलवरच्या त्याच छोट्या स्विचमधून जातो. आतले कॉन्टॅक्ट तापून काळे पडतात, कधी प्लास्टिकही वितळतं. त्याहून वाईट म्हणजे, जादा दिव्याची वायर कुठे घासून शॉर्ट झाली की हेडलाइटचाच फ्यूज उडतो. रात्री, वळणावर, समोर ठार अंधार.

जोडणी अशी करा: बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतराच्या आत ५ अँपिअरचा फ्यूज, तिथून १ चौरस मिमीची वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनला. ८७ वरून दिवे. ८६ ला इग्निशननंतरची वायर, मध्ये स्विच, ८५ अर्थला (निगेटिव्हला). दिव्यांचा अर्थ रंगवलेल्या पत्र्यावर नको, थेट बॅटरीच्या निगेटिव्हला न्या. काही जुन्या गाड्यांत हेडलाइट बॅटरीच्या डीसीवर नाही, तर इंजिनमधून थेट येणाऱ्या एसी (दिशा बदलणाऱ्या) करंटवर चालतो. तिथून रिलेला सिग्नल दिलात तर तो नुसता कटकटतो.

मात्र रिलेने चार्जिंग वाढत नाही. सगळे दिवे लावून, इंजिन थोडं रेस करून बॅटरीवर मल्टिमीटर धरा. १३ व्होल्टच्या खाली राहत असेल तर कमी वॅटचे दिवे घ्या.