सहावीच्या वहीतली एक खोडलेली ओळ

आज संध्याकाळी भाचीने निबंधाची वही माझ्यासमोर ठेवली आणि काहीही न बोलता ती बाजूला जाऊन बसली. ती सहावीत आहे. निबंधाचा विषय होता ‘पाऊस’. चौथ्या ओळीत तिने लिहिले होते, ‘पाऊस आला की आमच्या खिडकीची कडी आपोआप वाजू लागते आणि आजी झोपेतच विचारते, कोण आलंय?’ या वाक्यावर लाल शाईची आडवी रेघ होती आणि समासात शेरा होता, ‘विषयाला धरून लिहावे.’ गुण १० पैकी ४. पुढच्या पानावर सुधारणा म्हणून फळ्यावरून उतरवून घेतलेला निबंध होता. त्याची सुरुवात ‘पाऊस म्हणजे निसर्गाने मानवाला दिलेले अनमोल वरदान होय’ अशी होती, आणि वर्गातल्या प्रत्येक वहीत आज हेच वाक्य असणार.

मी स्वतः गेली २० वर्षे सहावी ते आठवीच्या वर्गांना भाषा शिकवते आहे, त्यामुळे ही लाल रेघ मला परकी नाही. ती मीही मारलेली आहे. तरीही आज संताप झाला, कारण त्या संपूर्ण निबंधात पाऊस फक्त त्याच एका ओळीत पडत होता. बाकीचे सगळे ऐकीव होते : धरतीने नेसलेला हिरवा शालू, पिसारा फुलवून नाचणारा मोर, आनंदलेला बळीराजा. भाचीने मोर नाचताना पाहिलेला नाही. कडी मात्र तिने स्वतःच्या कानांनी ऐकली आहे, आणि नेमकी तीच खोडली गेली.

आपल्याकडे निबंधाचा तास कसा होतो, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. फळ्यावर विषय, त्याखाली पाच-सहा मुद्दे, ‘उद्या लिहून आणा’, मग वह्यांचा गठ्ठा आणि शेवटी गुण. विषय देणे आणि गुण देणे यांच्या मधे जे शिकवायचे असते, ते या तासात कुठेही नसते. गणिताचे उदाहरण आपण मुलांसमोर फळ्यावर सोडवतो, एखादी पायरी चुकली तर पुसून पुन्हा मांडतो, आणि ते पुसणेसुद्धा मुले पाहत असतात. वाक्य मात्र आपण त्यांच्यासमोर कधी घडवत नाही, कधी मोडत नाही. त्यांना दिसतात ती फक्त छापलेली, पूर्ण झालेली वाक्ये, आणि म्हणून त्यांची समजूत होते की ज्यांना लिहिता येते त्यांना ती तशीच सुचतात, आणि आपल्याला सुचत नाहीत त्याअर्थी आपल्याला येत नाही.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत सातवीला एक मुलगा होता. कोणताही विषय द्या, त्याचा निबंध पाच ओळींत संपायचा. वर्षभर मी त्याच्या वहीत ‘अपुरे’ असा शेरा मारत राहिले आणि त्या एका शब्दाने तो सुधारेल अशी वाट पाहत राहिले. एकदा ‘माझा आवडता छंद’ या विषयावर त्याने लिहिले की त्याला सायकल दुरुस्त करायला आवडते, त्यामुळे वेळ चांगला जातो आणि ज्ञान मिळते. त्या दिवशी का कोण जाणे, पेन बाजूला ठेवून मी त्याला विचारले, ‘पंक्चर कसं काढतोस?’ तो दहा मिनिटे थांबलाच नाही. ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्यात कशी बुडवायची, फिरवत फिरवत बुडबुडा कसा शोधायचा, हे सगळे त्याने हातवारे करून सांगितले. मग म्हणाला, ‘बाई, बुडबुडा दिसला की तिथं बोट ठेवायचं आणि बोट हलवायचं नाही. बोट हललं की भोक हरवतं.’ मी त्याला कोरा कागद दिला आणि म्हटले, ‘आत्ता मला जे सांगितलंस, तेवढंच लिही.’ त्याने दीड पान लिहिले.

तो मुलगा आळशी नव्हता. त्याच्याजवळ सांगण्यासारखे भरपूर होते, पण त्यातले निबंधात काय चालते याची त्याला कल्पना नव्हती, आणि ती आम्हीच येऊ दिली नव्हती. दहा-अकरा वर्षांपर्यंतची मुले ‘आणि मग, आणि मग’ करत मनातले सगळे कागदावर ओततात. त्यानंतर, नेमके सहावी-सातवीच्या सुमारास, त्यांना स्वतःच्या गोष्टींचा संकोच वाटू लागतो, आणि त्याच वेळी आपण त्यांच्या हाती तयार निबंध देतो. घरची गोष्ट झाकायला त्यांना याहून सोयीचे पांघरूण कोणते मिळणार?

खरे तर हेच वय गुंतागुंतीचे वाक्य पेलण्याचे असते. मी वर्गात तीन छोटी वाक्ये देते : ‘मुलगी धावली. बस सुटली. मुलगी रडली नाही.’ यांचे एक वाक्य करा, एवढीच सूचना. कोणी लिहितो, ‘मुलगी धावली तरी बस सुटली, पण ती रडली नाही.’ कोणी लिहिते, ‘बस सुटल्यावरही जी रडली नाही, ती मुलगी किती धावली होती!’ मग कोणत्या वाक्यात मुलगी जास्त दिसते, यावर वर्गात भांडण होते आणि ‘तरी’ कशासाठी असते हे मुलांना व्याख्येशिवाय कळते. १९७३ मध्ये फ्रँक ओ’हेअर या अमेरिकी अभ्यासकाने सातवीच्या मुलांकडून व्याकरणाच्या संज्ञांशिवाय असाच वाक्यजोडणीचा सराव करून घेतलेला अभ्यास प्रसिद्ध केला होता. लेखन ही प्रक्रिया म्हणून शिकवा, हे लेखन शिकवणारे अमेरिकी प्राध्यापक डोनाल्ड मरे यांनी त्याच्याही आधी, १९७२ मध्ये मांडले होते. म्हणजे पन्नास वर्षे झाली, आणि आपण अजून मुद्दे देऊन निबंध मागतो आहोत.

एका वर्गात पन्नास-साठ मुले असली की प्रत्येकाजवळ बसणे शक्य नसते, हे मला मान्य आहे. पण साठ वह्यांमधला प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घ शोधून गोल करायला वेळ मिळतो, मग प्रत्येक वहीत एक प्रश्न लिहायला तो का मिळू नये? ‘आजी नंतर काय म्हणाली?’ एवढे चार शब्द त्या समासात बसले असते. पहिले लेखन हा कच्चा खर्डा मानावा, त्याला गुण देऊ नयेत, मुलांनी तो शेजारच्याला मोठ्याने वाचून दाखवावा, ऐकणाऱ्याने कुठे कळले नाही एवढेच सांगावे, आणि मग दुसरा खर्डा लिहावा. महिन्याला चार निबंधांऐवजी एकच होईल. होऊ द्या.

शुद्धलेखन महत्त्वाचे आहे, त्याबद्दल माझ्याशी कोणी वाद घालू नये, मी आयुष्यभर तेच शिकवते आहे. पण त्याची जागा शेवटी आहे. भिंत उभी राहण्याआधी आपण रंग देत नाही. आणि जे पालक निबंधमाला आणून मुलांकडून पाच-सहा निबंध घोकून घेतात, त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे : परीक्षेत गुण मिळतील, हे खरे, पण मनात आलेले स्वतःच्या शब्दांत मांडायची ताकद तुम्ही त्या मुलाकडून काढून घेत आहात, आणि पुढे अर्ज लिहिताना, तक्रार लिहिताना, मनातले दुःख कोणाला कळवताना त्या मुलाला निबंधमाला उपयोगी पडणार नाही.

इथवर लिहिताना त्या शिक्षकावरचा राग थोडा उतरला आहे, कारण त्या सातवीतल्या मुलाची अर्धीच गोष्ट मी वर सांगितली. दीड पान लिहून त्याने कागद माझ्याकडे दिला तेव्हा त्यात प्रत्येक ओळीत दोन-तीन चुका होत्या. ‘पाणी’ची वेलांटी ऱ्हस्व होती, ‘बुडबुडा’ तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिला होता. सवयीने मी लाल पेनचे टोपण काढले. ते पाहून त्याने कागदावर आपला पंजा ठेवला. बोलला काहीच नाही. नखांत सायकलचे वंगण होते. मी टोपण परत लावले आणि त्यालाच ते मोठ्याने वाचायला सांगितले. वाचताना तो दोनदा अडखळला, दोन्ही वेळा स्वतःच थांबून वाक्य दुरुस्त केले, आणि बोट हलवायचे नाही ही ओळ त्याने शेवटी होती तिथून उचलून सर्वांत वर नेली. ती वर न्यायला मी त्याला सांगितले नव्हते.

भाचीच्या वहीला मी हात लावलेला नाही. तिला वेगळा कागद दिला आणि विचारले की आजीने ‘कोण आलंय?’ म्हटल्यावर पुढे काय होते. ती म्हणाली, ‘मावशी, कोणीच आलेलं नसतं, पण मी दार उघडून बघते.’ मग ती लिहायला बसली. ही पोस्ट लिहीत असताना तिने एकदाच डोके वर काढून विचारले, ‘कडी, डीला पहिली वेलांटी की दुसरी?’ मी म्हटले, ‘ते नंतर पाहू, आधी दार उघड.’