रेलिंग म्हणजे आयता केबल ट्रे नव्हे

इलेक्ट्रिशियन आणि मेंटेनन्सवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक संदेश जोरात फिरतोय. त्याचा सारांश असा: वॉकवेची, म्हणजे टाक्यांवरच्या चालायच्या पुलाची, रेलिंग हा आयता केबल ट्रे (केबली ज्यात टाकून नेतात ती पन्हळ) आहे. ती माणसाचा भार घेते, मग केबलचा का नाही घेणार? लोखंडाची आहे, म्हणजे अर्थिंगही आपोआप झालं. केबल टाय मारा आणि ब्रॅकेटचा खर्च वाचवा. केबल डोळ्यांसमोर राहते, शिवाय नियमात कुठेच मनाई नाही.

सांडपाणी प्रक्रिया केंद्रांच्या वॉकवेंवर मी बरीच वर्षं काम केलं आहे. हे वाचून एखादा नवा मुलगा उद्या तसंच करेल, या काळजीने लिहितोय.

आधी भाराचं बघू. चार कंट्रोल केबलींनी रेलिंग वाकत नाही, हे खरं आहे. पण रेलिंग बसवलेली असते ती तोल गेलेल्या माणसाच्या हातासाठी. अमेरिकेच्या ओशा या कामगार सुरक्षा संस्थेच्या नियमांत वरच्या दांडीने 890 न्यूटन, म्हणजे साधारण 90 किलोचा जोर सहन करावा असं आहे. त्याच नियमांत हातकठडा आणि शेजारची कुठलीही वस्तू यांत निदान 57 मिलिमीटर मोकळी जागा मागितली आहे, म्हणजे बोटं दांडीभोवती पूर्ण वळली पाहिजेत. त्याच दांडीला कंड्युट, म्हणजे केबलीचा पाइप, चिकटवला की मूठ बंदच होत नाही. एका केंद्रात पावसाळ्यातल्या रात्रपाळीला आमचा एक ऑपरेटर जिना उतरत होता. दांडीवरून सरकणारा त्याचा हात क्लॅम्पच्या बोल्टच्या टोकाला लागला आणि हिसक्यासरशी त्याने हात सोडला. गुडघ्यावर निभावलं. रेलिंग जागची हलली नव्हती, तिची ताकद पुरेपूर होती. पण धरायला जागा नव्हती.

अर्थिंगचा मुद्दा सगळ्यांत घातक आहे. रेलिंग तुकड्यातुकड्यांची असते, जोडांमध्ये रंग आणि गंज असतो, पंप काढण्यासाठी मधले तुकडे उचलताही येतात. समजा केबलचं इन्सुलेशन क्लॅम्पपाशी घासलं आणि 230 व्होल्टचा फेज रेलिंगला लागला. रेलिंगपासून जमिनीतून परतीच्या वाटेला 10 ओम रोध असेल, तर प्रवाह होतो 23 अँपिअर. 32 अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जादा प्रवाहाला वीज तोडणारा स्विच, यावर पडतच नाही. रेलिंग जिवंत राहते, आणि तिला हात लावणारा माणूस ओल्या बुटांनी ओल्या ग्रेटिंगवर, म्हणजे लोखंडी जाळीवर, उभा असतो. म्हणून दोष प्रवाहाला परतायला केबलसोबतची अर्थ वायर किंवा केबलचं आर्मर, म्हणजे तिच्यावरचं धातूचं कवच, दोन्ही टोकांना ग्लँडने नीट आवळून जोडलेलं हवंच. रेलिंगला जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाच्या) पट्टीने अर्थिंगशी जोडायचं ते याव्यतिरिक्त, आणि उचलता येणाऱ्या तुकड्यांच्या जोडांवर लवचीक जंपर (दोन तुकडे जोडणारी वायर) टाकून. वॉकवेवरच्या दिव्यांना आणि सॉकेटना 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे थोडी गळती झाली तरी वीज तोडणारा स्विच, लावा, यात काटकसर नको.

टायचं काय होतं, ते कुठल्याही जुन्या टाकीवर दिसतं. पांढरा नायलॉन टाय उन्हात ठिसूळ होऊन तुटतो. काळा जास्त टिकतो, पण कायमचा आधार तोही नाही. एक टाय तुटला की शेजारच्यांवर ताण येतो आणि केबल टाकीत लोंबायला लागते. कंड्युट पीव्हीसीचा असेल तर उन्हाचाही हिशेब करा: तापमान 30 अंशांनी चढलं की 20 मीटर पीव्हीसी सुमारे 36 मिलिमीटर लांबतो, पोलाद फक्त 7. दोघांना घट्ट आवळून बांधलं तर कंड्युट धनुष्यासारखा बाहेर येतो किंवा बॉक्समधून निसटतो. म्हणून कंड्युटला सरकू देणारी सॅडल (पकड) आणि लांबी वाढायला वाव देणारा एक्स्पान्शन कपलर (जोड) लावावा लागतो.

टायऐवजी काही जण पाइपलाच भोक पाडून स्क्रू मारतात. तेही करू नका. जस्ताचा थर जातो, पाणी आत शिरतं आणि पाइप आतून गंजतो. बाहेरून रंग छान दिसत राहतो.

केबल डोळ्यांसमोर राहते, हे मला मान्य आहे. तपासणी सोपी होते. पण ट्रॉलीचा धक्का आणि वर फेकलेली साखळी यांच्याही ती समोरच राहते.

आणि नियमात मनाई नाही म्हणता? 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 32 मध्ये पायऱ्या, जिने आणि गँगवे अडथळ्यांपासून मोकळे ठेवा, गरज तिथे भक्कम हातकठडे द्या, असं स्पष्ट लिहिलं होतं. त्यात केबलचं नाव नाही, पण हाताच्या वाटेतला क्लॅम्प हा अडथळाच.

मीही रेलिंगचा आधार घेतला आहे. वॉकवेचे दिवे आणि पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणारे ट्रान्समीटर यांना बऱ्याचदा दुसरी जागाच नसते. अशा वेळी कंड्युट उभ्या खांबांवर, चालण्याच्या विरुद्ध बाजूला, वरच्या दांडीपासून बराच खाली आणि कुणाला पाय ठेवून चढता येणार नाही असा नेतो. खांबाला यू-बोल्ट, त्याचं टोक टाकीकडे, त्यावर टोपी. खांबांमधलं अंतर कंड्युटला जास्त पडलं, तर मध्ये वॉकवेच्या बीमवरून ब्रॅकेट काढतो. मोटरच्या पॉवर केबली मात्र वॉकवेखालच्या ट्रेमधूनच जातात. रेलिंगचा तुकडा उचलता येणारा असेल तिथे कंड्युट खाली वळवून बीमवरून पलीकडे नेतो, म्हणजे पंप काढायला आलेल्या माणसाला आधी केबल कापावी लागत नाही.