खैबर खिंडीवर व्हायरल व्हिडिओ कसा बनवावा

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर पेशावर डिव्हिजनचा, म्हणजे खैबर खिंड सांभाळणाऱ्या इंग्रजांच्या हिंदी फौजेचा, बारा मिनिटांचा 'थरारक इतिहास' आला. मी फक्त तीन चुका सांगितल्या. "आले गुरुजी!" एवढं उत्तर, दोन हसणारे इमोजी आणि रात्री मला ग्रुपमधून काढलं. ठीक आहे, मग गुरुजी शिकवतातच. घ्या लिहून.

सुरुवात सारागढीपासूनच करायची. सारागढीची लढाई 1897 ची, आणि डिव्हिजन उभी राहिली किचनर 1902 ला हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजेचा सरसेनापती म्हणून आला त्यानंतर. पण पाळण्यातल्या बाळाला लढाईत दाखवलं तर बिघडलं कुठे?

खैबरसाठी लडाखचा ड्रोन शॉट. डोंगर तो डोंगर.

समोरचे सगळे 'तालिबानी'. आफ्रिदी, मोहमंद, एवढ्या पठाण टोळ्यांची नावं कोण पाठ करणार.

पुणेकर प्रेक्षक असतील तर "आपली पुणे डिव्हिजनपण तिथंच होती" ठोकून द्या. ती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली आणि 1916 ला कूतमध्ये उपाशीपोटी शरण आली, हे सांगून मूड कशाला घालवायचा?

आणि महत्त्वाचं, 1914 ते 1918 एका वाक्यात उरका: "महायुद्धात ही डिव्हिजन घरीच बसून होती." हो ना, बसूनच होती! 1915 ला मोहमंद पेशावरजवळच्या शबकदरवर चालून आले तेव्हा बसूनच अडवलं, मग त्यांची नाकाबंदी केली, काटेरी तारा, ब्लॉकहाउसेस म्हणजे पहाऱ्याच्या छोट्या गढ्या, तीही बसल्याबसल्याच, आणि तयार पलटणी उचलून फ्रान्सला नि मेसोपोटेमियाला नेल्या जात होत्या, उरलेल्यांनी तीच खिंड सांभाळायची, आणि हे सगळं संपलं म्हणेपर्यंत मे 1919 ला अफगाण सैन्य बाघमध्ये, म्हणजे खिंडीतल्या लंडी कोतलच्या छावणीचं पाणीच त्यांच्या हातात! आपला पहिला हल्ला फसला, 11 मे ला बाघ परत मिळालं, 13 ला सीमेपलीकडचं डक्का. मग उन्हाळा आणि कॉलरा. त्या अख्ख्या तिसऱ्या अफगाण युद्धात आपल्या बाजूचे लढताना मेले 236, कॉलऱ्याने मेले 566. ह्याला काय बॅकग्राउंड म्युझिक लावणार आहात? जुलाब होऊन तंबूत मेलेल्या पोराचा थरारक शॉट कसा घेतात, सांगा ना!

आणि वर "मातृभूमीच्या रक्षणासाठी"? कुणाची सीमा होती ती? इंग्रजाची. पगार महिना 11 रुपये. पोट होतं म्हणून गेली ती पोरं, आणि तरी पहारा चोख दिला, हे जसंच्या तसं सांगायला लाज वाटते का तुम्हाला? दिल्लीला गेलात की इंडिया गेटसमोर सेल्फी काढता, तिथं 13 हजारांहून जास्त नावं कोरलीयत, वर वायव्य सरहद्द आणि तिसरं अफगाण युद्ध असं स्पष्ट लिहिलंय. मान वर करून एकदा तरी वाचलंत? व्हिडिओ पुढे ढकलायला दोन सेकंद लागतात, तारीख बघायलाही तेवढीच लागतात, पण ते कुणी करणार नाही.

तो व्हिडिओ आधी डिलीट करा. आणि मला ग्रुपमध्ये परत घेऊ नका.