2014 पासून एकच कंपनी, आज सोडली

रात्रीचा दीड वाजलाय, पण हे लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

मागच्या आठवड्यात फोनचं अपडेट घेतलं आणि स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत हिरवी रेघ आली. आज सकाळी दादरच्या सर्व्हिस सेंटरला टोकन घेऊन दोन तास बसले. उत्तर काय? "मॅडम, वॉरंटी संपलीये. डिस्प्ले बदलण्यापेक्षा नवीनच घ्या." 2014 पासून याच कंपनीचे फोन घेतेय. माझे चार, ह्यांचे दोन, सासूबाईंचा एक. चाळीत कुणी विचारलं की मी याच कंपनीचं नाव सांगायचे. फोन पडला नाही, भिजला नाही, अपडेट त्यांचंच, आणि पैसे मी भरायचे? त्या पोराचा दोष नाही, त्याला वरून सांगतात तेच तो बोलतो. पण तिथून निघाले ती आयफोन घेऊनच घरी आले. महाग आहे, मान्य. हप्त्यांवर घेतलाय.

खरा घोळ पुढेच. मी गिरगावात मोदकांच्या ऑर्डरी घेते, तुम्हाला माहीतच आहे. माझी वही म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप. कुणाचे 21, कुणाचे 51, कुणाला सारणात खसखस नको, कुणाच्या सासऱ्यांसाठी पाच कमी गुळाचे. दुकानातल्या मुलाने हौसेने फोन सुरू करून दिला. व्हॉट्सअ‍ॅप उघडलं तर कोरं! अहो, रोज बॅकअप होत होता. पण तो गुगल ड्राइव्हवरचा, आयफोनवर उतरतच नाही. "सगळ्यांचं असंच होतं, ताई."

नाही होत. अँड्रॉइडवरून आयफोनवर चॅट न्यायची सोय 2022 पासून आहे, 'मूव्ह टू आयओएस' अ‍ॅपमधून. फक्त आयफोन पहिल्यांदा सेट करतानाच ते करावं लागतं. आधीच सेट केला असेल तर सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. रोज फोन विकणाऱ्याला एवढं माहीत नको?

भाचीने फोनवर सांगून सांगून करून घेतलं. दोन्ही फोन चार्जरला, एकाच वायफायवर, आणि मी देवघरापाशी जमिनीवर बसलेली. पावणेएकला जुन्या ऑर्डरी दिसायला लागल्या. अगदी पहिली सापडली, खालच्या मजल्यावरच्या काकूंचा आवाज: "अगं, अकराच दे, पण कळ्या नाजूक काढ हं." तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी माझ्या हातच्या मोदकांचे पैसे दिले होते. ऐकलं आणि डोळे भरून आले.

आणि मग पुन्हा चिडले. मोबाइल नंबर 2011 पासून देशभर पोर्ट होतो. सिमची कंपनी बदला, नंबर तुमचाच राहतो. मग काकूंचा तो आवाज माझा नाही? तो न्यायला मध्यरात्रीपर्यंत जागायचं, आणि ज्याला समजावून सांगणारी भाची नाही त्याने सोडून द्यायचं? नव्या कंपनीचीही मी कुणी लागत नाही, तेवढं कळतं मला.

व्हॉट्सअ‍ॅप कॉलची यादी मात्र आलेली नाही, ती येत नाही. तेव्हा या आठवड्यात ज्यांनी कॉल करून ऑर्डर सांगितली, त्यांनी कृपया आकडा पुन्हा मेसेज करा. खसखस नको असेल तर तेही लिहा.