बारा माणसांच्या घराला ऑडी पायजे म्हणे

आमच्या घरात सध्या गाडीवरून जे चाललंय ना, डोकं फुटायची वेळ आलीय. घरात माणसं बारा, त्यात आजीचे गुडघे गेलेले, चार पोरं, आणि सारखं कायतरी चालूच, आज मांढरदेव, उद्या जोतिबा, परवा कुणाचं तरी लग्न. मी सरळ म्हणलं फोर्सची अर्बानिया व्हॅन घेऊ, ती महाग पडत असंल तर त्यांचीच सेकंडहँड ट्रॅव्हलर बघू. तर काका म्हणतात, दारात व्हॅन लावली तर अख्खी पेठ म्हणंल ह्यांनी वडापचा धंदा काढला! मग काय पायजे? ऑडी क्यू सेव्हन. २०१५ ची, दिल्ली पासिंग, डिझेल.

अहो ती स्वस्त का मिळतीय ते तरी विचारा ना कुणीतरी! एनजीटीनं, म्हणजे हरित लवादानं, २०१५ लाच दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्या चालवायला नाही म्हणलं, तेव्हापासून तिकडची लोकं वय झालेल्या गाड्या बाहेरच्या राज्यात खपवतायत आणि आपण इथं साताऱ्यात हार घेऊन उभे. तिकडच्या आरटीओची एनओसी आणा, वर्षभराच्या आत एमएच ११ करून घ्या, इथला रोड टॅक्स वेगळा भरा. एजंट म्हणतोय फक्त ट्रान्सफर करायचं. फक्त!! आणि उद्या एअर सस्पेन्शन गेलं की गाडी सकाळी दारात एका बाजूला कलून बसलेली, आमचा मिस्त्री बॉनेट उघडणार, बघणार, परत लावणार आणि म्हणणार पुण्याला न्या. सेकंडहँडमध्ये किंमत पडती ती गाडीची, पार्टची नाही, हे कुणाच्या डोक्यातच शिरत नाय.

बरं सीटा किती तर सात. त्यातली मागची रांग म्हणजे नावाला, कंपनीच म्हणायची की १.६ मीटर उंचीपर्यंतच्या माणसांसाठी आहे म्हणून. उरलेले पाच जण कुठं बसणार, टपावर? का परत दुसरी गाडी काढायची, दोन ड्रायव्हर, दोन डिझेल, आणेवाडीला दोन टोल? च्यायला वडापवाल्यालाबी कळतं, आधी माणसं बघायची मग गाडी.

अर्बानियात काय खोट नाही असं मी म्हणतच नाय. ११५ एचपी आहे, खंबाटकीला ऑडी शिट्टी मारत पुढं जाणार. तेरा सीटरची लांबी सहा मीटरच्या वर, पेठेत लावायला जागा शोधावी लागंल, प्रायव्हेट पासिंगसाठी आरटीओत चपला झिजतील, सगळं मान्य. पण आजीला वाकून घुसावं लागत नाय, पोरं मधनं चालत मागं जातात, बॅगा मांडीवर घ्याव्या लागत नाहीत. आणि बॅजचंच एवढं असंल तर इंजिन मर्सिडीजच्या घराण्यातलंच आहे की, सांगा पेठेत सगळ्यांना!

कहर म्हणजे ती ऑडी बघायला रविवारी सगळ्यांनी पुण्याला जायचंय, कशानं, तर भाड्याच्या ट्रॅव्हलरनं. हे ऐकून घरात एकालाही हसू आलं नाय, मलाच वेड्यात काढलं, तुला गाडीतलं काय कळतं म्हणून.

घ्या मग, खुशाल घ्या. पण मांढरदेवच्या घाटात मागच्या रांगेत काकांनी स्वतः बसायचं, आणि खाली उतरेपर्यंत काच खाली करा, उलटी होतीय असं म्हणायचं नाय.