‘नवाच घ्या, आय7च घ्या’: लॅपटॉपच्या त्या मेसेजला उत्तर

बारावीचा निकाल लागला की ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मुद्दे तेच राहतात. मुलांना जुना लॅपटॉप कधीच घेऊन देऊ नका, ती दुसऱ्याची कटकट असते. आय7 असेल तर डोळे झाकून घ्या. स्टोरेज 1 टीबीच हवं, रॅम काय नंतर वाढवता येते. ‘मिलिटरी ग्रेड’ लिहिलेला घ्या, तो तुटत नाही. आणि काहीही घेतलं तरी तीन वर्षांनी बदलावाच लागतो.

पाठवणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, हे मला मान्य आहे. पण मी दुरुस्तीचं काम करतो आणि माझ्या टेबलावर येणारी बरीचशी मशिनं अशाच सल्ल्यावर घेतलेली असतात. तीस-पस्तीस हजार रुपये कित्येक घरांत पै-पै करून साठवलेले असतात. म्हणून या मेसेजला नीट उत्तर द्यायलाच हवं.

आधी आय7. हे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरचं, म्हणजे लॅपटॉपच्या मेंदूचं नाव. त्यातले 3, 5, 7 हे आकडे एकाच पिढीतली उतरंड सांगतात. पिढी कळते ती त्यापुढच्या आकड्यावरून, आणि मेसेज नेमका तोच आकडा सोडून देतो. आय7-7500यू (7 पासून सुरू, म्हणून सातवी पिढी) हा 2016 चा प्रोसेसर, त्यात दोन कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे दोन गाभे. पुढच्याच वर्षी आलेल्या आठव्या पिढीच्या आय5-8250यूमध्ये चार. म्हणजे आय7चं स्टिकर बघून पहिला उचलणारा जास्त पैसे देऊन कमी ताकदीचं मशीन घरी नेतो. पुढे आणखी अडचण आहे. विंडोज 11 साठी मायक्रोसॉफ्टने, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर ग्राह्य धरलेत. 8250यू त्या यादीत आहे, 7500यू नाही. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. तरी सहाव्या-सातव्या पिढीची मशिनं आजही ‘आय7 आहे साहेब’ म्हणत गळ्यात मारली जातात.

इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडी, तिच्या प्रोसेसरच्या नावांतही असाच घोळ आहे. रायझन 5 7520यू आणि 7530यू ही नावं सख्ख्या भावांसारखी दिसतात. पण 7000 मालिकेत आतली रचना तिसऱ्या आकड्यावरून कळते: पहिल्यात 2019 सालची झेन 2, दुसऱ्यात तिच्यापुढची झेन 3. दुकानात जाताना पूर्ण नंबर लिहून न्या आणि तोच बिलावर येईल असं बघा.

‘रॅम नंतर वाढवता येते.’ या एका वाक्याने सर्वांत जास्त नुकसान केलंय, असं माझं मत आहे. स्वस्त आणि पातळ मॉडेलांत अनेकदा रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन कायमची चिकटवलेली असते, नवी रॅम बसवायला मोकळा स्लॉटच नसतो. वर सांगितलेला 7520यू तर फक्त सोल्डर होणाऱ्या जातीचीच रॅम घेतो. तिथे 8 जीबी घेतली की मशीन असेपर्यंत 8 जीबीच. सोळा जीबी करून द्या म्हणून पोरं येतात, मी खालचं झाकण उघडून त्यांना बोर्ड दाखवतो, आणि त्यांचा चेहरा उतरतो. घेण्याआधीच विचारा: रॅमचे स्लॉट किती, त्यातला मोकळा किती? दुकानदाराला सांगता येत नसेल तर त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल शोधा.

1 टीबीचं म्हणाल तर ती फिरती हार्ड डिस्क असेल तर नकोच. 256 किंवा 512 जीबीची एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली चिपवरची डिस्क, अभ्यासाला आणि ऑफिसच्या कामाला पुरते, वेगात तर तुलनाच नाही. याच्या उलट टोकाला 64 जीबी ईएमएमसीवालं, म्हणजे बोर्डवरच बसवलेल्या स्वस्त आणि संथ स्टोरेजचं मशीन असतं. तेही टाळा, विंडोजच्या अपडेटलाच त्यात जागा उरत नाही.

आता ‘मिलिटरी ग्रेड’. हा शब्द ज्या एमआयएल-एसटीडी-810 वरून येतो, ती अमेरिकी संरक्षण खात्याची चाचणीपद्धतींची जंत्री आहे. त्यातल्या कुठल्या चाचण्या घ्यायच्या हे कंपनीच ठरवते. लष्कर कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. चाचण्या घेतल्या असतील तर चांगलंच आहे, पण त्या शब्दावर ‘तुटत नाही’ अशी खात्री धरता येत नाही.

तुटतं काय, ते सांगतो. बिजागरी. म्हणजे बिजागरी स्वतः मोडत नाही, ती चांगली पोलादी असते. पण ती ज्यावर बसते ते अंग प्लास्टिकचं. त्या प्लास्टिकला करंगळीच्या पेरापेक्षाही बारीक नळ्या असतात, त्यांत पितळी नट गरम करून बसवलेले असतात आणि बिजागरीचे स्क्रू त्या नटांत जातात. मुलं एका कोपऱ्याला धरून झाकण उघडतात, तेव्हा सगळा पीळ त्या नळ्यांवर येतो. एक दिवस एक नट नळीसकट उपटून येतो, मग त्याचा भार शेजारच्यावर. बाहेरून एवढंच दिसतं की कोपऱ्यात नखभर फट पडली आहे. लोक तसंच चालवतात. फट वाढते, बिजागरी कडेची पट्टी उचकटते, स्क्रीनची केबल घासून जाते आणि शेवटी पॅनेललाच तडा जातो. फट दिसल्या दिवशी मशीन आणलं असतं तर काम थोडक्यात झालं असतं.

हे दुकानात तपासता येतं. डेमो पीसचं झाकण एका कोपऱ्याने सावकाश उघडा. खालचा भाग वाकतो का, बिजागरीपाशी सांधा उघडतो का, ते बघा. कीबोर्डच्या मधोमध बोटाने दाबा, खड्डा पडत असेल तर पुढचं मॉडेल बघा.

आता जुन्या लॅपटॉपचा मुद्दा. लेनोव्होच्या थिंकपॅडची टी मालिका, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक ही मशिनं कंपन्यांसाठी बनतात. मोठी ऑफिसं तीन-चार वर्षांनी ती एकगठ्ठा बदलतात आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत ती येतात. त्यांची बिजागरी बहुधा धातूच्या चौकटीला धरलेली असते, कीबोर्ड-बॅटरीसारखे सुटे भाग मिळतात, आणि उघडायचं कसं हे चित्रांसह सांगणारी मॅन्युअलं कंपन्यांनीच खुली ठेवलेली आहेत. 2018 चा थिंकपॅड टी480 घ्या: रॅमचे दोन स्लॉट, प्रोसेसर बहुधा आठव्या पिढीचा, आणि दोनांपैकी मागची बॅटरी खटके सरकवून हाताने निघते. तेवढ्याच पैशांतल्या 4 जीबी सोल्डर रॅमच्या नव्या सेलेरॉनपेक्षा (इंटेलच्या सर्वांत स्वस्त प्रोसेसरवाल्या मशीनपेक्षा) मी कधीही हेच सुचवेन.

सगळ्यांनी जुनाच घ्यावा असं मात्र मी म्हणत नाही. तुमच्या गावात हाताचा चांगला कारागीर नसेल तर घरी येऊन दुरुस्ती करणारी वॉरंटी मोलाची आहे, नवा घ्या. आर्किटेक्चरच्या किंवा थ्रीडी मॉडेलिंगच्या मुलांना ग्राफिक्स कार्ड लागतं, त्यांचं गणित वेगळं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला सी किंवा पायथन शिकायला मात्र गेमिंग लॅपटॉप लागत नाही.

‘तीन वर्षांनी बदलावाच लागतो’ यात तीन वर्षांनी थकते ती मुख्यतः बॅटरी, आणि पंख्यात धूळ साठून मशीन तापायला लागतं. बॅटरी बदलणं, पंखा साफ करणं, प्रोसेसरवरची पेस्ट नव्याने लावणं एवढ्यावर चांगल्या बांधणीचं मशीन आणखी काही वर्षं सहज चालतं. दिवसभर चार्जरला लावून काम करत असाल तर सेटिंगमध्ये चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सोय आहे का ते बघा आणि चालू करा.

‘दुसऱ्याची कटकट’ ही भीती एका बाबतीत खरी आहे. जुन्या मशीनवर आधीच्या कंपनीचा ताबा राहिलेला असू शकतो. म्हणून पैसे देण्याआधी दुकानातच विंडोज पूर्ण रीसेट करायला लावा आणि सुरू होताना इंटरनेट जोडा. एखाद्या कंपनीच्या नावाने लॉगिन मागितलं तर ते मशीन घेऊ नका, किंमत कितीही उतरवली तरी. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, जाऊन पासवर्ड नाही ना, ते बघा. मग विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा. त्यात मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण चार्ज क्षमता असे दोन आकडे शेजारी येतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीची किंमत सौद्यातून वजा करून घ्या. बिलावर सीरियल नंबर हवाच, आणि तो मशीनच्या तळावरच्या नंबराशी तिथेच उभं राहून ताडून बघा.