२५२० चं 'गूढ' आणि रामानुजनचं खरं काम

'१ ते १० या सगळ्यांनी निःशेष भाग जाणारी २५२० ही एकमेव संख्या. शतकानुशतकं कुणाला सापडली नव्हती, ती रामानुजनने शोधली. तिचं रहस्य: ७ वार × ३० दिवस × १२ महिने!' व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या या मजकुरात भाग जातो एवढंच खरं आहे.

एकमेव? २५२० ची प्रत्येक पट चालते: ५०४०, ७५६०, १००८०, अशी न संपणारी रांग. २५२० त्यातली सर्वांत लहान, म्हणजे १ ते १० चा लसावि. सहावी-सातवीतलं मूलही तो काढेल. दहाच्या आतल्या मूळ संख्या चार: २, ३, ५, ७. प्रत्येकीचा दहाच्या आत बसणारा सर्वांत मोठा घात घ्यायचा: ८, ९, ५, ७. ८×९=७२, ७२×५=३६०, ३६०×७=२५२०. ६ आणि १० पुन्हा गुणायचे नाहीत, त्यांचे अवयव आधीच आत आलेत. हे विसरून १ ते १० सरळ गुणले, तर ३६,२८,८०० येतात. हव्या संख्येच्या १४४० पट.

'कुणाला सापडली नव्हती' हेही चूक. लसावि काढण्याची रीत युक्लिडकडे, म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे ३०० सालीच सिद्धतेसह आहे. त्याच्याही आधी प्लेटोने आदर्श नगरासाठी ५०४० हा आकडा निवडला. कारण त्याने स्वतःच दिलंय: या संख्येला ती स्वतः सोडून ५९ भाजक आहेत आणि १ ते १० सलग त्यांत येतात.

दिनदर्शिकेचं म्हणाल, तर ३०×१२=३६०, आणि ३६० म्हणजेच ८×९×५. उरलेला ७ वारांनी पुरवला, म्हणून जुळलं. ३६५ दिवस घेतले तर ७×३६५=२५५५, ज्याला २ नेही भाग जात नाही. पंचांगातलं चांद्र वर्ष तर सुमारे ३५४ दिवसांचं. ३६० असतात त्या तिथी.

वाईट याचं वाटतं, की २५२० शी रामानुजनचा खरा संबंध आहे आणि तोच या मजकुरात नाही. १९१५ साली लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा दीर्घ निबंध आला. विषय होता, आपल्यापेक्षा लहान प्रत्येक संख्येहून जास्त भाजक असणाऱ्या संख्या. १६८० ला ४० भाजक, २५२० ला ४८, ५०४० ला ६०. मधल्या एकाही संख्येला हा मान नाही. ४८ कसे? २५२० = २³×३²×५×७. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणा: ४×३×२×२.

अशा संख्येत लहान मूळ संख्येचा घातांक मोठीच्या घातांकापेक्षा कमी असूच शकत नाही. २ आणि ३ चे घातांक अदलाबदल करून पाहा: २²×३³×५×७ = ३७८०. भाजक तेवढेच, ४८. पण संख्या दीडपट मोठी झाली, म्हणून ती बाद.